मॅग्नेटाइट आणि सक्रिय कोळशाचं नॅनोकंपोझिट: पाण्यातलं प्रदूषण खेचणारा पदार्थ बनवण्यापासून त्याची खरी परीक्षा घेईपर्यंत

नॅनोकंपोझिट म्हणजे नॅनो आकाराचे कण दुसऱ्या पदार्थावर बसवून केलेलं मिश्रण, आणि अधिशोषक म्हणजे प्रदूषक स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ. अशा नॅनोकंपोझिट अधिशोषकांवरचे बहुतेक प्रकल्प अहवाल एका आकड्यावर येऊन थांबतात. एक ग्रॅम पदार्थाने जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम प्रदूषक धरून ठेवलं, तो हा आकडा. तो मोठा आला की काम झालं असं मानलं जातं. पण शिसं किंवा आर्सेनिक पाण्यात सहसा लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम नसतं, तिथे हिशोब मायक्रोग्रॅमचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेची या दोन्हींसाठीची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. इतक्या विरळ पाण्यात पदार्थ काय करतो, हे कमाल क्षमतेच्या आकड्यातून कळत नाही. म्हणून या लेखात बनवण्याच्या कृतीइतकीच जागा तपासण्याच्या कृतीला दिली आहे. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला साध्या प्रयोगशाळेत जमेल असाच मार्ग निवडला आहे.

पहिली पायरी: आधी पाणी समजून घ्या

पदार्थ निवडण्यापूर्वी दोन गोष्टी वहीत लिहा. प्रदूषक पाण्यात कोणत्या रूपात आहे, आणि पाण्याचा पीएच किती आहे. या दोन नोंदींशिवाय पुढचा प्रयोग म्हणजे अंधारात दगड मारणं.

आर्सेनिकचंच पाहा. पंचसंयुजी आर्सेनिक नेहमीच्या पीएचला ऋणभारित असतं, त्यामुळे लोहाच्या ऑक्साइडकडे ते सहज खेचलं जातं. त्रिसंयुजी आर्सेनिकावर मात्र पीएच साधारण ९ होईपर्यंत कोणताच भार नसतो. भूजलात हे रूप बरंच आढळतं आणि ते काढणं अवघड जातं, म्हणून त्याचं आधी ऑक्सिडीकरण करावं लागतं. शिसं आणि तांबं धनभारित, षट्संयुजी क्रोमियम ऋणभारित, तर मेथिलीन ब्लू हा रंग धनभारित.

सुरुवात मेथिलीन ब्लूपासूनच करा. तो साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येतो, आणि हाताळताना आर्सेनिक किंवा षट्संयुजी क्रोमियमइतका धोका नसतो. पद्धतीवर हात बसल्याशिवाय विषारी धातूंकडे वळू नका.

दोन पदार्थ एकत्र का करायचे

क्षेत्रफळाचं गणित इथे डोळे उघडणारं आहे. गोल कणाचं ग्रॅममागे क्षेत्रफळ काढायला ६ ला घनता आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागायचं. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचं चुंबकीय ऑक्साइड; त्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ५.२ ग्रॅम. कण एक मायक्रोमीटरचा असेल तर ग्रॅममागे जेमतेम १.१५ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. तोच १० नॅनोमीटरचा केला तर सुमारे ११५ चौरस मीटर. नॅनो आकाराचा फायदा तो हाच.

आता सक्रिय कोळशाकडे बघा. त्याचं क्षेत्रफळ ग्रॅममागे ५०० ते १५०० चौरस मीटर असतं. म्हणजे कोळशात मॅग्नेटाइट मिसळलं की मिश्रणाचं क्षेत्रफळ वाढत नाही, घटतं. ही घट आपण जाणूनबुजून स्वीकारतो, कारण मॅग्नेटाइट दोन गोष्टी देतं ज्या कोळशाकडे नाहीत. एक, लोह-ऑक्सिजनच्या पृष्ठभागावर आर्सेनेटसारखे आयन थेट रासायनिक बंधाने बसतात. दोन, काम झाल्यावर चुंबक लावून पावडर पाण्याबाहेर काढता येते. राइस विद्यापीठातल्या गटाने २००६ साली दाखवलं की सुमारे १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइट कण अगदी सौम्य चुंबकीय क्षेत्रातही वेगळे करता येतात. कोळशाच्या कणांवर चिकटून बसलेलं मॅग्नेटाइट तर त्याहून सोपं, कारण गठ्ठा मोठा असतो.

मॅग्नेटाइट किती घालायचं? माझं मत स्पष्ट आहे: चुंबकाने मिनिटा-दोन मिनिटांत पाणी नितळ व्हावं इतकंच. रंगासाठी काम करत असाल तर त्याहून जास्त लोह म्हणजे वाया घालवलेलं क्षेत्रफळ. आर्सेनिकासाठी प्रमाण वाढवायला हरकत नाही. खालच्या कृतीत वजनाने दोन भाग कोळसा आणि एक भाग मॅग्नेटाइट धरलं आहे. कोळशाऐवजी ग्राफीन ऑक्साइड (कार्बनचे अतिपातळ, ऑक्सिजनयुक्त पापुद्रे) वापरण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो बनवताना तीव्र आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट लागतं, शिवाय प्रत्येक खेपेला सारखाच दर्जा येणं कठीण. पहिल्या कामासाठी तो मार्ग नको.

दुसरी पायरी: बनवण्याची कृती

ही सह-अवक्षेपणाची, म्हणजे दोन्ही लोहक्षार द्रावणातून एकत्र घनरूपात खाली बसवण्याची पद्धत. रने मासार यांनी १९८१ मध्ये तिचं जे रूप मांडलं, त्यावरच आजच्या बहुतेक कृती उभ्या आहेत. फेरिक आणि फेरस आयन २ ला १ या रेणुप्रमाणात घेऊन त्यावर अल्कली ओतली की मॅग्नेटाइट तयार होतं.

एक ग्रॅम मॅग्नेटाइटसाठी फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट २.३४ ग्रॅम आणि फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट १.२० ग्रॅम लागतं. फेरस सल्फेटची बाटली नीट पाहा. स्फटिक फिकट हिरवे हवेत. त्यावर पिवळट-तपकिरी थर असेल तर काही लोह आधीच फेरिक झालेलं असतं आणि तुमचं २ ला १ हे प्रमाण बिघडलेलं असतं. अशा वेळी नवी बाटली उघडा.

कोळसा बारीक पूड करून गरम ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत धुवत राहा, मग १०५ अंश सेल्सिअसला वाळवून २ ग्रॅम मोजून घ्या. शंभर मिली ऊर्ध्वपातित पाणी दहा मिनिटं उकळून झाकून थंड करा, म्हणजे त्यातला विरघळलेला ऑक्सिजन निघून जाईल. नायट्रोजनचं सिलिंडर असेल तर वायू सोडत राहणं उत्तम.

या पाण्यात दोन्ही लोहक्षार विरघळवा, कोळसा टाका आणि अर्धा तास ढवळत ठेवा. हा अर्धा तास वाचवू नका. लोहाचे आयन कोळशाच्या छिद्रांत शिरायला तो वेळ लागतो. नंतर मिश्रण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा आणि धूर-कपाटात, जोरात ढवळत, २५ टक्के अमोनिया द्रावण घालायला लागा. साधारण १० मिली घाला. रासायनिक हिशोबाने २.६ मिली पुरेसे असतात, पण पीएच वर टिकवायला जास्तीचं लागतं. पुढे ७० ते ८० अंशांवर तासभर ढवळत ठेवा.

शुद्ध मॅग्नेटाइट बनताना द्रावण क्षणात काळंभोर होतं आणि त्यावरून काम जमल्याचं कळतं. इथे कोळसा आधीपासूनच काळा असल्यामुळे ही खूण मिळत नाही. म्हणून त्याच दिवशी, त्याच बाटल्यांतून, कोळशाशिवाय एक वेगळी खेप करा. ती काळी झाली आणि चुंबकाकडे धावली तर दुसऱ्या चंचुपात्रातही मॅग्नेटाइटच बनलंय असं मानायला आधार मिळतो. तपकिरी झाली तर ऑक्सिजन घुसलाय किंवा फेरस कमी पडलंय. ही खेप फेकू नका, पुढे तुलनेसाठी ती लागणारच आहे.

आता चंचुपात्राच्या बाजूला जोरदार चुंबक धरा. काळी पूड भिंतीला चिकटेल. वरच्या पाण्यात तरंगत राहिलेली पूड म्हणजे ज्यावर मॅग्नेटाइट बसलंच नाही असा कोळसा. ती वेगळी काढा आणि वाळवून वजन करा. किती कोळसा बांधला गेला नाही याचा तो सरळ पुरावा आहे.

धुणं कंटाळवाणं असलं तरी ते पूर्ण करा. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत, आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरा गढूळपणा दिसणं थांबेपर्यंत. राहिलेले क्षार आणि अमोनिया पुढच्या प्रत्येक मोजमापात लुडबूड करतात. शेवटी एकदा इथेनॉलने धुऊन ६० अंशांवर, शक्य असेल तर निर्वात ओव्हनमध्ये, रात्रभर वाळवा. तापमान वाढवून घाई केली तर मॅग्नेटाइटचं ऑक्सिडीकरण होऊन मॅगहेमाइट हे लोहाचं दुसरं ऑक्साइड होतं आणि काळ्यावर तपकिरी झाक येते. मॅगहेमाइटही चुंबकीय असतं आणि अधिशोषणही करतं, पण मग अहवालात मॅग्नेटाइट लिहिता येणार नाही. वाळलेली पूड खलताना एन-९५ मास्क लावा. कोरडी नॅनोपूड श्वासात जाऊ देणं हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे.

तिसरी पायरी: बनलंय काय ते तपासा

क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांवर ३०.१, ३५.५, ४३.१, ५७.० आणि ६२.६ अंशांजवळ शिखरं दिसायला हवीत. मॅगहेमाइटची शिखरं जवळजवळ याच ठिकाणी असतात, तेव्हा केवळ या आलेखावर छातीठोक निष्कर्ष काढू नका. अवरक्त वर्णपटात ५७० ते ५९० सेमी⁻¹ च्या पट्ट्यात लोह-ऑक्सिजन बंध दिसतो. मोजून घेतलेला थोडा नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून लोह मोजलं की मॅग्नेटाइटचं खरं प्रमाण मिळतं.

यंत्रांची सोय नसली तरी एक तपासणी चुकवू नका: शून्यभार बिंदू. मिठाचं ०.०१ मोलर द्रावण घ्या, प्रत्येकी ५० मिली. पीएच २, ४, ६, ८, १० असे लावा, प्रत्येकात ०.१ ग्रॅम पदार्थ टाका आणि २४ तास हलवत ठेवा. नंतर पुन्हा पीएच मोजा. ज्या ठिकाणी सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच सारखा राहतो तो शून्यभार बिंदू. त्याच्या वरच्या पीएचला पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि धनभारित प्रदूषक ओढतो, खाली उलटं. तुमचं पाणी आणि तुमचा पदार्थ यांची जोडी जमते का, हे या एका आलेखावरून बऱ्याच अंशी कळतं.

चौथी पायरी: बाटलीतले प्रयोग

मेथिलीन ब्लूचं मोजमाप ६६४ नॅनोमीटरवर करा. प्रमाण रेषा (माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणांवरून काढलेली तुलनेची रेषा) लिटरमागे ०.५ ते ५ मिलिग्रॅम या पट्ट्यातच काढा. त्याहून तीव्र द्रावणात रंगाचे रेणू जोड्या करतात, शिखर सरकतं आणि रेषा वाकते. तीव्र नमुने आधी विरळ करा, मग मोजा.

प्रत्येक संचाबरोबर चार तुलनेच्या बाटल्या ठेवा. एकीत रंग आहे पण पदार्थ नाही. हा रंग काचेला आणि नळीला किती चिकटतो ते सांगेल. दुसरीत पदार्थ आहे पण रंग नाही; ही लोह किती सुटतं ते सांगेल. तिसरीत नुसता कोळसा, चौथीत नुसतं मॅग्नेटाइट. शेवटच्या दोन नसतील तर कंपोझिट केल्याने नेमकं काय साधलं, या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल.

द्रावण गाळू नका. गाळण कागद मेथिलीन ब्लू शोषतो आणि तुमचा पदार्थ आहे त्याहून चांगला दिसतो. चुंबकाने पूड बाजूला ओढा आणि वरचं द्रावण सेंट्रिफ्यूज करा. धातूंसाठी ०.४५ मायक्रोमीटरची गाळणी वापरली तर लक्षात ठेवा, ती छिद्रं ४५० नॅनोमीटरची आहेत. सुटा पडलेला १० नॅनोमीटरचा कण त्यातून प्रदूषकासकट आरामात निघून जातो.

क्रम असा ठेवा: आधी पीएच, मग वेळ, मग तीव्रता. वेळेच्या प्रयोगात १, २, ५, १०, २०, ४०, ६०, १२० आणि २४० मिनिटांना नमुने घ्या, आणि शक्यतो प्रत्येक वेळेसाठी वेगळी बाटली वापरा. एकाच बाटलीतून पुन्हा पुन्हा नमुना काढला की द्रावण आणि पदार्थ यांचं प्रमाण बदलत जातं.

हिशोब साधा आहे. सुरुवातीच्या तीव्रतेतून शेवटची वजा करा, लिटरमधल्या आकारमानाने गुणा, ग्रॅममधल्या वजनाने भागा. ५० मिली द्रावणात ०.०५ ग्रॅम पदार्थ, तीव्रता ५० वरून ४ मिग्रॅ/लिटर: ग्रॅममागे ४६ मिलिग्रॅम, आणि ९२ टक्के निर्मूलन. पदार्थ दुप्पट केला आणि तीव्रता १.५ वर आली तर निर्मूलन ९७ टक्के, पण ग्रॅममागे फक्त २४.२५ मिलिग्रॅम. टक्केवारी चढली, पदार्थाचा वापर निम्म्यावर आला. एकटी टक्केवारी सांगणारा अहवाल म्हणूनच अपुरा असतो.

वेळेच्या आकड्यांवर आभासी द्वितीय-कोटीचं (pseudo-second-order) समीकरण, म्हणजे अधिशोषणाचा वेग सांगणारं एक नेहमीचं सूत्र, बसवून ‘रासायनिक अधिशोषण सिद्ध झालं’ असं लिहिण्याची सवय फार पसरली आहे. ती सोडा. वेळ भागिले क्षमता विरुद्ध वेळ असा आलेख काढला की समतोलानंतरचे (अधिशोषण वाढायचं थांबल्यानंतरचे) बिंदू आपोआप सरळ रेषेत येतात, मग यंत्रणा कोणतीही असो. सहसंबंध ०.९९९ आला याचा अर्थ एवढाच की समतोल गाठल्यानंतर तुम्ही बरेच नमुने घेतलेत. बंध कसा आहे हे वर्णपटातून दाखवावं लागतं.

पाचवी पायरी: आकडा पाण्यावर लावून बघा

या कामाचा गाभा इथे आहे. इर्विंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या समीकरणात दोन आकडे असतात: कमाल क्षमता, आणि पृष्ठभागाची ओढ दाखवणारा स्थिरांक. पहिला सगळे छापतात. विरळ पाण्यात निर्णय दुसऱ्याच्या साथीने होतो.

समजा एका पदार्थाची कमाल क्षमता ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम आणि स्थिरांक ०.२ लिटर/मिग्रॅ आहे. आर्सेनिक लिटरमागे ०.१ वरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणायचं आहे. ०.०१ या तीव्रतेला समीकरण सोडवलं तर क्षमता उरते ग्रॅममागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम. कागदावरच्या ५० चा पाचशेवा भाग! एक लिटर पाण्यासाठी ०.९ ग्रॅम पदार्थ लागेल.

आता दुसरा पदार्थ घ्या. कमाल क्षमता फक्त १०, पण स्थिरांक ५. त्याच ठिकाणी तो ग्रॅममागे सुमारे ०.४८ मिलिग्रॅम धरतो, आणि लिटरमागे ०.१९ ग्रॅम पुरतं. तक्त्यात पाचपट दुबळा दिसणारा पदार्थ प्रत्यक्ष पाण्यात जवळपास पाचपट सरस ठरला.

म्हणून समतापी रेषेचे (ठरावीक तापमानाला तीव्रतेनुसार क्षमता कशी बदलते ते दाखवणाऱ्या आलेखाचे) प्रयोग करताना विरळ टोकाला भरपूर बिंदू घ्या. शेवटची तीव्रता तुमच्या लक्ष्य मर्यादेपर्यंत खाली गेलीच पाहिजे. ५० ते ५०० मिग्रॅ/लिटरच्या आकड्यांवर रेषा बसवून ती ०.०१ पर्यंत ओढत नेणं म्हणजे अंदाजपंचे काम. समीकरण सरळ रेषेत न वळवता मूळ वक्र रूपातच संगणकावर बसवा. सरळ केल्याने चुकांचं वजन बदलतं.

सहावी पायरी: धातू आणि खरं पाणी

धातूंकडे वळताना एक सापळा ओळखून ठेवा. पीएच ६-७ च्या पुढे शिसं आणि तांबं, विशेषतः तीव्र द्रावणात, हायड्रॉक्साइड होऊन स्वतःच खाली बसतात. पदार्थ नसलेल्या बाटलीतही तीव्रता घटत असेल तर ते अवक्षेपण आहे. क्रोमियमचा पेच वेगळा. आम्लधर्मी द्रावणात कोळसा षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी करतो. डायफिनाइल कार्बाझाइडची ५४० नॅनोमीटरवरची चाचणी फक्त षट्संयुजी दाखवते, तेव्हा सगळं क्रोमियम निघाल्याचा भास होतो. एकूण क्रोमियम वेगळं मोजा. तसंच पीएच ३ च्या खाली मॅग्नेटाइट विरघळायला लागतं, म्हणून प्रत्येक नमुन्यात लोहही मोजा. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्यांवर डाग पडतात आणि पाण्याला चव यायला लागते.

ऊर्ध्वपातित पाण्यातली कामगिरी खऱ्या पाण्यात टिकेलच असं नाही. आर्सेनिकाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी फॉस्फेट, कारण त्याची रचना आर्सेनेटसारखी आहे आणि तो त्याच जागा बळकावतो. सिलिकेट आणि बायकार्बोनेटही अडथळा आणतात, आणि सेंद्रिय पदार्थ कोळशाची छिद्रं बुजवतात. प्रत्येक आयन एकेकटा घालून बघा, मग विहिरीचं किंवा नदीचं खरं पाणी घेऊन त्यात ठरावीक प्रदूषक मिसळून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापा.

सातवी पायरी: पुडीपासून स्तंभापर्यंत

सतत वाहतं पाणी शुद्ध करायला पदार्थ स्तंभात, म्हणजे उभ्या नळीत, भरतात. बारीक पूड त्यात भरली तर पाणी जवळजवळ थांबतं, म्हणून तिचे मणी करावे लागतात. दोन टक्के ॲसेटिक आम्लाच्या १०० मिली द्रावणात २ ग्रॅम कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारं बहुवारिक) विरघळवा, २ ग्रॅम कंपोझिट मिसळा, आणि सिरिंजमधून थेंब थेंब १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सोडा. थेंब पडताच मणी घट्ट होतो. आम्लात पूड रात्रभर ठेवू नका, लोह सुटतं. कायटोसान आम्लधर्मी पाण्यात विरघळतं, तेव्हा असं पाणी असेल तर मण्यांना ग्लुटाराल्डिहाइडने जोडबंध (साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे रासायनिक बंध) द्यावे लागतात; ते हाताळताना हातमोजे आणि धूर-कपाट हवंच. आयआयटी मद्रासमधल्या टी. प्रदीप यांच्या गटाने २०१३ मध्ये कायटोसान आणि ॲल्युमिनियम ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या कणीदार नॅनोकंपोझिटमध्ये चांदीचे नॅनोकण अडकवून पाणी निर्जंतुक करून दाखवलं. कण जागेवर बांधून ठेवायचे आणि वापरायला दाणेदार माध्यम द्यायचं, हीच दिशा त्यामागे होती.

स्तंभाचा व्यास मण्याच्या किमान दहापट ठेवा, नाहीतर पाणी भिंतीलगत पळवाट काढतं. १०० मिली थरातून मिनिटाला २० मिली पाणी सोडलं तर रिकाम्या थराचा संपर्ककाळ (थराचं आकारमान भागिले प्रवाह) ५ मिनिटं होतो. सुरुवात तिथून करा. बाहेर येणाऱ्या पाण्यात प्रदूषक मर्यादेच्या वर गेलं की प्रयोग संपला. निम्मी तीव्रता गाठेपर्यंत थांबून आयुष्य मोजलं तर मधल्या काळात अशुद्ध पाणी शुद्ध म्हणून मोजलं जातं. थराच्या आकारमानाच्या किती पट पाणी मर्यादेत राहून गेलं, तो आकडा अहवालात सर्वांत वर द्या.

पुन्हा वापर आणि कचरा

आर्सेनेट आणि क्रोमेट ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने सुटतात, मेथिलीन ब्लू इथेनॉलने. धातूंसाठी विरळ आम्ल चालतं, पण दर फेरीला थोडं मॅग्नेटाइटही जातं. किमान पाच फेऱ्या करा आणि प्रत्येकीनंतर क्षमता, सुटलेलं लोह आणि उरलेलं वजन नोंदवा. पूड धुताना वाहून गेली की क्षमता घटल्यासारखी दिसते, वजन केलं की खरं कारण कळतं.

धुऊन निघालेल्या द्रावणात मूळ पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र विष असतं. ते मोरीत ओतू नका. आर्सेनिकाचं द्रावण लोहक्षार घालून, पीएच ७ च्या जवळ आणून अवक्षेपित करा. क्रोमियमचं आधी त्रिसंयुजी करून मग अल्कलीने खाली बसवा. तो गाळ आणि संपलेला पदार्थ, दोन्ही बंद डब्यात, प्रदूषकाचं नाव आणि तारीख लिहून घातक कचऱ्यात द्या. या प्रयोगांतून निघालेलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते पिण्यासाठी नाही, आणि हे बाटलीवर ठळक लिहून ठेवा.